खिंडीतली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेकडची टॉरस पर्वताची रांग डोळ्यांपुढे आणा. दहावं शतक. खिंडीच्या वर, खडकाआड काही माणसं बसलीत. पंधरा दिवसांचा शिधा संपला की बदली येणार. खाली वाटेवर धूळ उठली, की एक जण तीन-चार मैलांवरच्या पुढच्या चौकीकडे धावत सुटतो, तिथला त्याच्या पुढच्या. बातमी पोहोचली की गावं रिकामी होतात, बायापोरं आणि गुरं किल्ल्यात शिरतात.

हे बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्याचे सरहद्दीवरचे शिपाई. ग्रीक भाषेत त्यांना ‘अक्रितै’ म्हणत, म्हणजे कडेवरची माणसं. सम्राट निकिफोरस फोकासच्या नावावर असलेल्या युद्धग्रंथात त्यांची रीत लिहून ठेवली आहे. चालून येणारी अरबांची फौज शक्यतो अंगावर घ्यायची नाही. ती परत निघाली, घोडी दमली, जनावरं लुटीच्या ओझ्यानं वाकली, की खिंडीत गाठायची. गनिमी कावा ऐकत वाढलेल्या आपल्याला हे फोडून सांगायला नको.

त्यांच्या महाकाव्याचा नायक दिगेनिस. बाप अरब अमीर, आई ग्रीक. नावाचा अर्थच दोन कुळांचा. सरहद्दीवर शत्रू आणि सोयरा यांची घरं किती जवळ असतात, ते या एका नावात आलं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

तेराव्या शतकात वायव्येला, बिथिनियाच्या डोंगरात, अशाच शिपायांना जमिनी होत्या आणि करमाफी होती. स्वतःचं शेत राखायचं म्हणून ते जिवावर उदार होऊन लढत. 1261 मध्ये सम्राट आठव्या मायकेलला राजधानी कॉन्स्टँटिनोपल परत मिळाली. दरबाराची नजर पश्चिमेकडे वळली, तिजोरीला पैसा हवा होता. एक अधिकारी डोंगरात आला, त्यानं जमिनी मोजल्या. शिपायाला वर्षाला 40 सोन्याची नाणी ठेवली, बाकीचं उत्पन्न सरकारजमा. पुढं तेवढंही धड मिळेना. कुणी चौक्या सोडल्या, कुणी पलीकडे तुर्कांना जाऊन मिळाले.

1302 मध्ये त्याच मुलखात, बाफेउसला, ऑटोमन घराण्याचा मूळपुरुष उस्मान यानं बायझंटाईन फौज मोडली. 1326 मध्ये बुर्सा शहरही ऑटोमन तुर्कांकडे गेलं.

गाणी मात्र ग्रीक खेड्यांत टिकली. त्यांत दिगेनिस मृत्यूशी झुंजतो ती जागा रणांगण नव्हे. ते खळं आहे, धान्य मळायचं, संगमरवरी खळं.