गाठ काढण्याआधीची दहा मिनिटं

(इंग्लंडमधल्या आमच्या मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

कोजागिरीला दूध आटेपर्यंत कुणीतरी बोलायचं असतं, आणि यंदा कार्यकारिणीने मला पकडलं. ऑक्टोबर म्हणजे इथे जिकडेतिकडे गुलाबी रिबिनी, तेव्हा ‘ब्रेस्ट कॅन्सरवर काहीतरी बोल’ असा हुकूम झाला. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. औषधोपचारांच्या चाचण्यांचे आकडे तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे ‘काळजी घ्या, तपासणी करा’ हे भाषण मला जमत नाही. एका सर्जनच्या डोक्यात एक प्रश्न शिरला आणि तीस वर्षं निघाला नाही, ती गोष्ट मात्र सांगता येईल. हे सर्जन म्हणजे मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे. पुढे ते टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक झाले, २०१३ साली पद्मश्री मिळाली. ते सगळं आज बाजूला ठेवते.

गोष्टीची सुरुवात इथून ट्रेनने तासाभरावर होते. लंडन ब्रिज स्टेशनला लागूनच गाइज हॉस्पिटल आहे, आपल्यातले अर्धेअधिक त्याच्या समोरून रोज ऑफिसला जातात. १९७५ ते १९८५ या काळात तिथे स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या, पाळी चालू असलेल्या २४९ बायकांच्या फायली बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा उघडल्या. प्रश्न एवढाच: ऑपरेशन झालं तेव्हा शेवटच्या पाळीला किती दिवस झाले होते?

(मंडळाच्या व्यासपीठावरून ‘पाळी’ हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. काकांनो, चुळबुळ करू नका, पुढे आणखी आहे.)

उत्तर बघून मला आजही खुर्चीत सरसावून बसावंसं वाटतं. पाळी सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या. बाकीच्या दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. सर्जन तेच, सुरी तीच, फक्त महिन्यातले दिवस वेगळे. १९९१ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगभरच्या हॉस्पिटलांनी आपापल्या जुन्या फायली काढल्या. कुठे फरक दिसला, कुठे काहीच दिसलं नाही, कुठे चक्क उलटा दिसला.

का, ते मी सांगू शकते, कारण माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तिच्या कॉटशेजारी होते. केसपेपर भरायला आलेल्या कोवळ्या पोराने विचारलं, “शेवटची पाळी कधी?” मावशीने माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि “दिवाळीच्या आसपास” असं ठोकून दिलं. त्याने इमानेइतबारे भाऊबिजेची तारीख घातली. जुन्या फायलींवरच्या अभ्यासांना मी फार मानत नाही, त्याचं हे एक कारण. कागदावरची तारीख कितीही सुबक अक्षरात असली, तरी ती सांगणारी बाई संकोचलेली असते.

पण बडव्यांना त्यातून जे दिसलं ते तारखेपुरतं नव्हतं. तोवरचा सगळ्यांचा समज असा की रोगाचं जे व्हायचं ते गाठीच्या स्वभावावर आणि नंतरच्या औषधांवर ठरतं. ऑपरेशनचा दिवस म्हणजे केवळ कॅलेंडरवरची खूण. त्यांना वाटलं, सुरी लागते त्या सुमारास शरीरात काहीतरी घडतं, आणि ते आपल्याला बदलता येईल. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक जास्त असतं ना? मग सगळ्यांनाच ते आधी देऊन बघू.

टाटामध्ये त्यांनी १००० बायकांवर चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटणी, एका गटाला ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन, ५०० मिलिग्रॅम, दुसऱ्या गटाला नाही. २०११ साली निकाल आला: सगळ्यांचा मिळून विचार केला तर ठाम फरक नाही. काखेतल्या लसिका-ग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्यांमध्ये मात्र होता. पाच वर्षं रोग न उलटता राहिलेल्या इंजेक्शनवाल्या गटात ६५ टक्के, दुसऱ्या गटात ५५ टक्के. आता आमच्या धंद्यात एक वाईट खोड असते. मोठ्या गटात काही सापडलं नाही की छोटे गट पाडत जायचं, कुठेतरी काहीतरी चमकतंच. म्हणून माझ्यासारखी माणसं असा आकडा चिमट्यात धरून बघतात. मी अजूनही तसाच बघते.

मधला एक टप्पा मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्यात ‘नाही’ असं उत्तर आलं. रोग हाडांत, यकृतात पसरल्यावर येणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ. गाठ दुखत नाही, म्हणून दाखवत नाहीत. अशा बाईची स्तनातली मूळ गाठ काढावी का? अमेरिकेतल्या जुन्या नोंदी सांगत होत्या की काढलेल्या बायका जास्त जगतात. पण सर्जन ऑपरेशनला कुणाला घेणार? जी त्यातल्या त्यात धडधाकट आहे तिलाच. मग ती जास्त जगली यात सुरीचं कर्तृत्व किती?

२००५ ते २०१३ या काळात टाटामध्ये ३५० बायकांची तशीच चिठ्ठी-वाटणी झाली. ऑपरेशन आणि रेडिएशन मिळालेल्या गटातल्या निम्म्या बायका १९.२ महिन्यांपर्यंत जगल्या, न मिळालेल्या गटातल्या निम्म्या २०.५ महिन्यांपर्यंत. म्हणजे फरक नाहीच. उलट ऑपरेशन झालेल्यांमध्ये दूरच्या अवयवांतला रोग जरा लवकरच वाढला. पुढे २०२० साली अमेरिकेतल्या चाचणीनेही आयुष्य वाढत नाही असंच सांगितलं. तुर्कस्तानातल्या एका चाचणीचा कौल मात्र वेगळा आला, म्हणून वाद पुरता मिटलेला नाही. पण एका सर्जनने आठ वर्षं खपून ‘इथे माझी सुरी नको’ हे सिद्ध करायचं, याला छाती लागते. गाठ काढून टाकली की घरच्यांना बरं वाटतं, सर्जनलाही बरं वाटतं. बाईचं काय?

याच सुमाराला टाटाची माणसं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही काम करत होती. त्या कामाचं श्रेय मुख्यतः डॉ. इंद्रनील मित्रा यांचं. बडवे त्यात सहभागी होते. १९९८ पासून दीड लाखावर बायका, चार आठवड्यांचं शिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका, आणि यंत्र म्हणजे त्यांची बोटं. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नाहीच. दर दोन वर्षांनी हाताने तपासणी. वीस वर्षांनी हिशेब झाला तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्याहून तरुण बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही.

आता शीर्षकातली दहा मिनिटं. दाताच्या डॉक्टरकडे हिरडी सुन्न करायला जे टोचतात, ते लिग्नोकेन. इथे लिडोकेन म्हणतात. पेशींच्या अंगावर सोडियम आत-बाहेर करणारी दारं असतात. कॅन्सरच्या पेशी हलायला, पसरायला त्यांचा उपयोग करतात असं प्रयोगशाळेत दिसलेलं होतं, आणि लिग्नोकेन नेमकी तीच दारं बंद करतं. बडव्यांचा जुना प्रश्न पुन्हा वर आला. पेशंट भूल देऊन टेबलावर झोपलेली आहे. सुरी लावण्याआधी सात ते दहा मिनिटं सर्जन गाठीच्या सगळ्या बाजूंनी लिग्नोकेन टोचतो आणि थांबतो. घड्याळाकडे बघत नुसतं उभं राहायचं. सर्जन लोकांना ओळखणाऱ्यांना कळेल, उपचारातला सगळ्यात अवघड भाग हाच असणार.

भारतातल्या ११ केंद्रांत १६०० बायका. पॅरिसच्या परिषदेत २०२२ साली निकाल मांडला, पुढच्या वर्षी छापून आला. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटातल्या ९०.१ टक्के हयात, दुसऱ्या गटातल्या ८६.४ टक्के. शंभरात जवळजवळ चार बायका जास्त, आणि तेही अशा औषधाने की ज्याची बाटली मुंबईत वडापावच्या हिशेबात मोजावी. पेटंट नाही, म्हणून ही चाचणी करण्यात कुठल्या कंपनीला काडीचा रस नाही. सरकारी हॉस्पिटलातल्या माणसाने हट्टाने केली नसती, तर कुणीच केली नसती.

माझ्या शंका आहेत. दुसऱ्या गटाला नुसतं सलाइनही टोचलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काय मिळालं हे सर्जनला माहीत होतं. एवढ्या स्वस्त औषधाचा एवढा मोठा परिणाम पाहिला की माझ्यासारखीची भुवई वर जातेच. दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या लोकांनी हे पुन्हा करून बघायला हवं. पण गाइजमधल्या त्या २४९ फायलींपासून या दहा मिनिटांपर्यंत प्रश्न एकच आहे, आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा कडक परीक्षेला बसवला गेला, हे मला मोलाचं वाटतं.

मघाशी चप्पल काढताना एका ताईंनी हळूच विचारलं, “पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे, हे इंजेक्शन मागू का?” मी म्हटलं, मागण्याआधी विचारा. सर्जनला सांगा, मुंबईची अशी चाचणी आहे, तुमचं मत काय. नाही म्हणाले तर कारण विचारा, कारण पटण्यासारखंही असू शकतं. चाचणीचं नाव-गाव मी त्यांना कागदावर लिहून दिलंय. आणखी कुणाला हवं असेल तर मी तिकडे दुधाच्या पातेल्याजवळ आहे.