मरळ फ्रॉग का थुंकतो?

[दृश्य: तलावाचा काठ, जलपर्णीचा थर, त्यावरून सरकणारा हिरवा फ्रॉग, म्हणजे मरळ माशासाठीचं बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष]

भदाक्कन आवाज होतो, पाणी उडतं, छडीला झटका दिला जातो आणि फ्रॉग रिकामाच उडून काठावर येतो. बघणारे म्हणतात, मासा चुकला. कधी खरंच चुकतो. पण पुष्कळदा त्याने फ्रॉग तोंडात घेऊन बाहेर टाकलेला असतो, आणि आपला झटका त्यानंतर पोहोचतो.

हा पोकळ रबरी फ्रॉग नागपूरकडे मरळवर सर्रास चालतो, पण तो घडला अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या मोठ्या तोंडाच्या माशासाठी. बास आणि मरळ यांची तोंडं वेगळी. बरेचसे हुकअप, म्हणजे गळ माशाच्या तोंडात रुतणं, इथेच हुकतात.

[दृश्य: बासच्या तोंडाचं संथ गतीतलं रेखाचित्र]

बास आमिष पाण्यासकट आत ओढतो. जबडा उघडतो, गलफडं फाकतात, तोंडात पोकळी होते; पाणी आत धावतं आणि कल्ल्यांवाटे निघून जातं. पापणी लवायच्या आत सगळं आटपतं. या ओढीचा पल्ला मात्र तोकडा: तोंड जेवढं उघडलं, साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत. दोरी ताठ असली की आमिष पाण्याबरोबर आत सरकत नाही, ओठाशीच अडतं. थुंकणं म्हणजे हीच क्रिया उलटी. कडक प्लास्टिक तोंडात जाणवलं की पाण्याच्या झोताबरोबर ते बाहेर. मोठ्या बासच्या तोंडात अख्खी मूठ मावते. तो जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, आत घेऊन थुंकतो तरी छडीच्या टोकाला काही कळत नाही. दोरी जरा बाजूला सरकते, किंवा जिगचं वजन एकाएकी नाहीसं होतं. खूण एवढीच.

मरळचं तसं नाही. तो चावतो. टोकदार दातांनी फ्रॉग दाबून धरतो आणि घट्ट धरूनच राहतो. आपल्याला वजन जाणवतं, क्षणभर ओढाताण होते आणि मग सुटतो. त्या वेळी दात रबरात रुतलेले असतात. हुकची टोकं मांसाला लागलेलीच नसतात. माशाने जबडा सैल केला की फ्रॉग मोकळा.

[दृश्य: हातात फ्रॉग, अंगठ्याने दाबताना]

म्हणून नवा फ्रॉग आधी हातात दाबून बघा. हलक्या दाबाने पोट बसलं पाहिजे आणि दोन्ही हुकची टोकं वर आली पाहिजेत. रबर कडक असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून मळा. टोकं अंगाला फार चिकटून असतील तर पक्कडीने दोन-तीन मिलिमीटर बाहेर वाकवा. त्याहून जास्त नको, प्रत्येक फेकीत शेवाळ अडकेल. टोक नखावर टेकवा. घसरलं तर कानस लावा. मागचे रबरी पाय लांब असले की मासा पायच धरतो, म्हणून ते चार-पाच सेंटीमीटरवर कापा. आणि पोटात पाणी भरलं की फ्रॉग बुडू लागतो. दर काही फेकींनंतर दाबून काढा. हे शेवटचं काम सगळ्यांना माहीत असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

दोरी विणलेलीच (ब्रेडेड), चाळीस-पन्नास पौंडांचा ताण सोसणारी. छडी सात फुटी, कडक. मरळच्या तोंडाचा वरचा भाग हाडाचा असतो, लवचिक छडीचा झटका तिथे पोहोचत नाही. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सोडणारी रिळाची सोय, जवळजवळ बंद ठेवा, नाहीतर मासा वेलींत शिरतो.

[दृश्य: शिंगाड्याच्या वेलींमध्ये बुडबुडा, मग वलय]

मरळ हवेसाठी वर येतो. वलय उठलं की फ्रॉग त्याच्या मीटर-दीड मीटर पलीकडे टाकून वलयावरून आणा. थेट डोक्यावर टाकला तर मासा खाली बसतो. आता आवाज ऐका. मोठा धडाका आणि फ्रॉग हवेत उडाला, म्हणजे तोंडात गेलाच नाही. वेलींच्या थरामुळे त्याचा नेम चुकलेला असतो. तेव्हा ओढून घेऊ नका, फ्रॉग तिथेच पाच-दहा सेकंद पडू द्या. बहुधा तो पुन्हा येतो. ‘चुळुक’ असा बारीक आवाज येऊन फ्रॉग दिसेनासा झाला, तर समजा मोठा आहे आणि पुरता आत घेतलाय. छडीचं टोक खाली करा, सैल दोरी गुंडाळा, वजन लागू द्या आणि मग कंबरेपासून जोर लावून झटका. नुसत्या मनगटाने भागत नाही.

मृगाच्या पावसानंतर एक वेगळाच हल्ला दिसतो. पाण्यात नारिंगी पिल्लांचा गोळा फिरत असतो आणि त्याखाली नर-मादी पहाऱ्यावर. ते फ्रॉगला नुसतं ढकलतात किंवा चावून लगेच सोडतात; खाण्याशी त्याचा संबंध नसतो. असा मासा लागेलही, पण आईबाप उचलले तर पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात. गोळा दिसला की पुढे सरका.

रामटेककडच्या जुन्या मालगुजारी (मालगुजारांनी बांधलेल्या) तलावांवर जाणार असाल, तर मासेमारीचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते गावात विचारा आणि परवानगी घेऊनच दोरी टाका. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षित हद्दीत मासेमारीला बंदी आहे. तिकडे गळ नेऊच नका.