वावरात जायला गाडी

श्रोतेहो, नमस्कार. "आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला कशाला हवा व्यायाम?" असं आपल्या मराठवाड्यात सर्रास ऐकू येतं. बापजाद्यांच्या काळात ते खरंही होतं. आता वावरात जायला गाडी, नांगरटीला ट्रॅक्टर, आणि विहिरीवरची मोटार तर बाजेवर बसल्या बसल्या मोबाईलवरून चालू होते. सोयाबीन निघालं की हॉटेलात चहावर चहा. कष्ट कमी झाले ते बरंच झालं म्हणा, पण त्याबरोबर चालणंही गेलं.

१९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता. ड्रायव्हर मुळातच जाड असतील, अशी शंका निघाली. मग मॉरिस यांनी गणवेशाच्या विजारींची मापं काढली. ड्रायव्हर खरंच जाड निघाले! पण पुढच्या तपासणीत दिसलं, की कंबर कितीही असो, हृदयविकाराने अचानक मरण्याचा धोका कंडक्टरांना कमीच होता.

आपले स्नायू हलतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवल्यावर लगेच आडवं होण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं फिरलेलं मधुमेहवाल्यांना फायद्याचं. मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असं चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळ्यात ते सूर्य वर यायच्या आत उरका. घरातल्या बायकांना मात्र नुसतं "चाला" म्हणू नका. आधी त्यांच्या हातातलं काम कुणीतरी घ्या.

आता लातूर, नांदेडला क्लासेससाठी खोली करून राहिलेल्या पोरांचं. सकाळी क्लास, दुपारी अभ्यासिका, रात्री खोलीवर पुन्हा पुस्तक, नाहीतर मोबाईल. झोप येत नाही, जीव घाबरा होतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही. हालचालीनं झोप सुधारते, चिंता आणि उदासी हलकी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर रोज सरासरी ६० मिनिटं धावपळ हवी. पालकहो, संध्याकाळी फोन केलात की टेस्टचे मार्क विचारायच्या आधी विचारा, "आज खेळलास का रे?" आणि पोरगं फारच गप्प वाटलं, तर फोनवर समजूत घालत बसू नका. गाडी धरा, त्याला भेटा, डॉक्टरांकडं न्या.