रंगाला कवच

(बीकरमध्ये निळी पूड पडते)

पॉलिएस्टर रंगवायचं ते या रंगांनी. डिस्पर्स डाय. कितीही ढवळा, पाण्यात नीट विरघळत नाहीत. तरंगते ठेवायचे आणि बंद मशीनमध्ये दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवायचे, तेव्हा कुठे रंग धाग्यात शिरतो.

(मण्यांची चक्की म्हणजे बीड मिल, जवळून)

तरंगते ठेवायची ही जुनी रीत. बारीक मण्यांबरोबर रंग तासन्‌तास दळायचा, कण साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, होईपर्यंत. सोबत डिस्पर्सिंग एजंट, कण पाण्यात सुटे ठेवणारं रसायन. बरेचदा तो लिग्नोसल्फोनेट असतो, कागदाच्या कारखान्यात लाकडातून निघणारा, तपकिरी. बाजारातल्या पुडीत निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, हाच माल. कापडाला तो धरत नाही. काम झालं की सगळा सांडपाण्यात.

(सुरत, पांडेसरा, मिलमागची खाडी)

सुरत. इथल्या डाईंग-प्रिंटिंग मिलांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडची कितीतरी माणसं राबतात.

(प्रयोगशाळा, जुन्या बाटलीच्या तळाशी बसलेला थर)

एवढा एजंट घालूनही रंग तळाशी बसतो तो बसतोच. जुन्या मधात साखर धरते, तसे लहान कण झिजून मोठ्यांवर चढतात. मग कापडावर ठिपके उठतात, डिजिटल प्रिंटरचं नोझल तुंबतं. त्या नोझलचं भोक वीस ते पन्नास मायक्रॉनचं.

(फ्लास्क, बर्फात बुडवलेलं भांडं)

आता हे नीट बघा. रंग स्टायरीनमध्ये विरघळवलाय, म्हणजे ज्याचं पुढे प्लास्टिक होतं त्या तेलासारख्या द्रवात. त्यात थोडं हेक्झाडेकेन, हेही एक तेलच, आणि पाण्याच्या बाजूला जरासा साबणासारखा सरफॅक्टंट. अल्ट्रासाउंडची ही सळई आत गेली, की कर्कश आवाज होतो आणि तेलाचे थेंब फुटत जातात, शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापर्यंत. भांडं तापू नये म्हणून बर्फ. हेक्झाडेकेन पाण्यात जवळपास जातच नाही, म्हणून लहान थेंबातलं तेल मोठ्या थेंबाकडे पळत नाही. सगळी करामत या एका घटकाची, आणि तो लागतो अगदी थोडा.

(नायट्रोजनचे बुडबुडे, तापमापी)

ऑक्सिजन हाकलला. अभिक्रिया सुरू करायला पोटॅशियम परसल्फेट घातलं. सत्तर अंश. थेंबाचं जिथल्या तिथे पॉलिमर, म्हणजे प्लास्टिक, होतं आणि रंग आत कोंडला जातो. बाहेरून दिसतं ते फक्त दुधाळ निळं पाणी. प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर ऋण भार आहे, त्यामुळे कण एकमेकांना लांब ठेवतात.

(दोन बाटल्या शेजारी शेजारी)

डावीकडे जुनी रीत, उजवीकडे ही.

(प्रिंटर, मग गरम रोलर)

कापडावर छापून १८० ते २०० अंशांची उष्णता दिली, की रंग कवचातून सुटून पॉलिएस्टरमध्ये उतरतो. एजंट कमी, म्हणून धुलाईही कमी. कवच मात्र प्लास्टिकच आहे. ते पाण्यात सुटू नये, याची काळजी घ्यावीच लागेल.

(मोठं यंत्र, स्टीलचं)

अल्ट्रासाउंडची सळई फ्लास्कपुरती. टनावारी मालाला हाय-प्रेशर होमोजिनायझर लागतो, मोठ्या दाबाने थेंब फोडणारं यंत्र. हे यंत्र काही नवलाईचं नाही, दूध डेअऱ्यांमध्ये ते वर्षानुवर्षं चालतंय. रंगांच्या कारखान्यांनी ते आता आपल्याकडे बसवायला हवं.