सहीच्या आधी फोटो वाचा

नमस्कार. एखाद्या नटाची किंवा गायिकेची सही असलेला फोटो हातात आला की नजर थेट सहीवर जाते. माझा आग्रह उलटा आहे. आधी कागद बघा, मग शाई, आणि सही त्यानंतर. सहीबद्दल जाणकारांतही मतभेद होतात, पण जो कागद त्या माणसाच्या हयातीत बनतच नव्हता, त्यावर त्याची सही असणार नाही. इथे वादाला जागाच नाही.

म्हणून फोटो पहिल्यांदा उलटा करा. रंगीत प्रिंटच्या पाठीवर बऱ्याचदा कागदाच्या कंपनीचं नाव फिकट अक्षरांत छापलेलं असतं. ‘फुजीकलर क्रिस्टल आर्काइव्ह’ हा कागद १९९० च्या दशकापासूनचा. हॉलिवूडच्या अभिनेत्री ग्रेस केली १९८२ साली गेल्या. त्यांची सही या कागदावर दिसली, तर पुढचं काही तपासायची गरज नाही. कृष्णधवल फोटोत पाठ बोटाने चाचपून बघा. जुना फायबर कागद पाठीला कागदासारखाच लागतो आणि बहुधा थोडा वळलेला असतो. पाठ गुळगुळीत, प्लास्टिकसारखी लागली तर तो रेझिनचा थर दिलेला कागद. तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात येऊ लागला, आणि मेरिलिन मन्रो १९६२ मध्येच वारल्या होत्या.

पुढची पायरी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. ३६५ नॅनोमीटरची घ्या, खोलीत पूर्ण अंधार करा आणि पाठ व पांढरी किनार तपासा. १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी रसायनं घालू लागले, ती या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. लुइस हाइन हे अमेरिकन छायाचित्रकार १९४० साली वारले. त्यांच्या हयातीतले म्हणून विकले गेलेले काही प्रिंट पुढे याच चमकेमुळे संशयात सापडले. मात्र ही चाचणी एकाच दिशेने चालते. १९३५ चा म्हटलेला फोटो लख्ख चमकला तर तो बाद. चमकला नाही, तर एवढ्यावरून तो जुना ठरत नाही, कारण नंतरचे सगळेच कागद चमकत नाहीत.

प्रिंट जुन्या फोटोवरून पुन्हा काढलेलाही असू शकतो. अशा नकलेत मूळ फोटोवरचे ओरखडे आणि घड्या चित्रात दिसतात, पण तिरप्या उजेडात पृष्ठभाग सपाटच असतो.

आता शाई. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि बाजूने येणारा उजेड, एवढं साहित्य पुरतं. सही फोटोबरोबरच छापलेली असेल तर फोटोची चकाकी सहीवरूनही अखंड जाते, किंवा भिंगाखाली रेघ बारीक ठिपक्यांत फुटते. खरी शाई पृष्ठभागावर वेगळी बसलेली दिसते आणि फोटो हलवला की तिची चमक वेगळी पडते. रबरी शिक्क्यात शाई रेघेच्या कडांना ढकलली जाते, मध्ये फिकी राहते आणि लेखणीचा दाब कुठेच जाणवत नाही.

लेखणीलाही वय असतं. बॉलपेन अमेरिकेत दुकानांतून विकायला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये. अभिनेत्री कॅरोल लोम्बार्ड विमान अपघातात गेल्या जानेवारी १९४२ मध्ये. सह्यांसाठी वापरला जाणारा शार्पी मार्कर १९६४ चा, अभिनेते हम्फ्री बोगार्ट १९५७ मध्येच गेले होते. मृत्यूची तारीख आणि लेखणीची तारीख शेजारी ठेवली की बरेच फोटो तिथेच निकालात निघतात.

कागद आणि लेखणी दोन्ही काळाला धरून असतील तरी एक शक्यता उरते, ती म्हणजे खऱ्या जुन्या फोटोवर आज केलेली सही. इथे भेगा उपयोगी पडतात. जुन्या प्रिंटच्या जिलेटिनच्या थराला केसासारख्या बारीक भेगा पडतात. सही जिथे भेग ओलांडते, तिथे भिंग धरा. भेग शाईसकट फुटली असेल आणि आत कोरा पांढरा कागद दिसत असेल, तर सही भेगेच्या आधीची. शाई भेगेत उतरून तिच्या लांबीने दोन्ही बाजूंना पसरली असेल, तर भेग आधी पडली, सही नंतर झाली. माझ्या मते या सगळ्या तपासणीत याइतका बोलका पुरावा दुसरा नाही, आणि विकणारे नेमका इथलाच जवळचा फोटो दाखवत नाहीत. मागून घ्या.

आता सही. इथे फक्त ‘खरी की बनावट’ असं विचारलं तर उत्तर चुकतं, कारण तिसरीच व्यक्ती मध्ये असते. अभिनेत्री जीन हार्लो यांच्या चाहत्यांना गेलेल्या पुष्कळ फोटोंवर त्यांच्या आईने सह्या केल्या. बीटल्सच्या चौघांच्या सह्या नील ॲस्पिनॉल आणि मॅल एव्हन्स हे त्यांचे सहायकही करत. हे फोटो जुने, पाकीट खरं, पोस्टाचा शिक्का खरा; हात तेवढा दुसऱ्याचा. चार सह्यांत एकच कल, एकच वेग आणि एकच दाब दिसला, तर थांबा.

ऑटोपेन हे सही करणारं यंत्र. त्याची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, टोकांना ठिपका आणि वळणांवर हलकी थरथर. १९६० च्या दशकातल्या अमेरिकन अंतराळवीरांच्या यंत्रसह्यांचे नमुने संग्राहकांनी जमवून ठेवले आहेत. तुमच्याकडची सही नमुन्याच्या मापाला आणून संगणकावर एकावर एक ठेवा. माणूस तंतोतंत तीच सही दोनदा करत नाही. दोन सह्या रेघन् रेघ जुळल्या तर यंत्र, शिक्का किंवा गिरवणं, यांपैकी एक नक्की.

गिरवलेली सही हळू होते आणि तो हळूपणा लपत नाही. खऱ्या सहीत लेखणी कागदाला टेकण्याआधीच हलत असते, म्हणून टोकं निमुळती होतात. नकलेत ती बोथट राहतात, मध्येच लेखणी उचललेली दिसते. तुलनेसाठी नमुने त्याच काळातले घ्या, शक्यतो करारपत्रं किंवा चेक. विशीतली सही साठीतल्या सहीशी ताडून काही हाती लागत नाही.

राहिला फोटोचा प्रवास, म्हणजे तो कुणाकुणाच्या हातून आला ते. ‘आजोबांच्या संग्रहातून’ हे वाक्य म्हणजे पुरावा नव्हे. तारखेचं पत्र, मूळ पाकीट, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधलं चित्र, हा पुरावा. कॅटलॉगमधल्या चित्राशी कोपऱ्याची घडी आणि किनारीचा डाग जुळवा, नुसती सही नको.

आणि सही खरी असल्याचं प्रमाणपत्र. एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं, तेव्हा बनावट सह्यांचा मोठा धंदा उघडा पडला. मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा त्यात होते. त्या मालाबरोबर प्रमाणपत्रंही दिली जात होती. म्हणून प्रमाणपत्रावरचा क्रमांक देणाऱ्या संस्थेच्या नोंदीत स्वतः शोधा. तिथे फोटोचं चित्र असेल तर सहीची शेवटची रेघ कुठे संपते, पोशाखाच्या कोणत्या भागावरून जाते, हे समोरच्या फोटोशी ताडा. खऱ्या क्रमांकाचं स्टिकर दुसऱ्याच फोटोवर चिकटवलेलं असेल, तर ते इथे पकडलं जातं. नोंदीत चित्र नसेल, तर त्या क्रमांकावर वेगळी किंमत मोजू नका.