जनुक शाबूत, प्रथिन बेपत्ता

[सूक्ष्मदर्शकाखाली पेशी, वेग वाढवलेलं चित्रण]

या हेला पेशी. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या, आणि आजही वाढतच असलेल्या. ही बघा, गोल झाली, मधोमध आवळली गेली... एकीच्या दोन.

पेशीच्या डीएनएला इजा झाली, की पी५३ हे प्रथिन विभाजन थांबवतं. इजा फारच मोठी असेल, तर पेशीला मरायला लावतं. अनेक कर्करोगांत पी५३चं जनुकच बिघडलेलं असतं. हेला पेशींत ते शाबूत आहे. प्रथिन तयार होतं, पण टिकत नाही.

[वेस्टर्न ब्लॉटची फिल्म: पेशींतलं प्रथिन काळ्या पट्टीच्या रूपात दिसतं]

डावीकडची काळी पट्टी पी५३ची. उजवीकडच्या पेशींत, हेला पेशींप्रमाणेच, गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूचं ई६ प्रथिन आहे, आणि पट्टी जवळजवळ नाहीशी झाली आहे.

[ॲनिमेशन]

ई६ स्वतः काहीच तोडत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतं. पेशीचंच ई६एपी नावाचं एन्झाइम ते धरतं आणि पी५३शी त्याची गाठ घालून देतं. एन्झाइम पी५३वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चढवतं, आणि ती खूण दिसताच प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, पी५३चे तुकडे करतो. ई६मुळे पी५३ तुटतं हे १९९० मध्ये कळलं, ई६एपीची भूमिका त्यानंतरच्या काही वर्षांत उलगडली.

हा खटाटोप कशासाठी? विषाणूकडे डीएनएच्या प्रती काढणारं स्वतःचं एन्झाइम नाही. ती यंत्रणा पेशीची, आणि त्वचेच्या वरच्या थरांतल्या पेशींनी ती बंद केलेली. म्हणून विषाणूचं दुसरं प्रथिन, ई७, पेशीचं विभाजन रोखणाऱ्या आरबी या प्रथिनाला चिकटतं. आरबीने अडवून धरलेलं ई२एफ, म्हणजे प्रती काढण्याची जनुकं चालू करणारं प्रथिन, मोकळं होतं आणि यंत्रणा पुन्हा सुरू होते. अशा बळजबरीवर पी५३ उठणारच. त्याला ई६ आधीच संपवतं. गाठ वाढण्यात विषाणूचा काहीच फायदा नाही.

पी५३ सापडलं तेही विषाणूमुळेच. १९७९ मध्ये एसव्ही४० या माकडांच्या विषाणूचा अभ्यास करणाऱ्यांना ते विषाणूच्या प्रथिनाला बिलगलेलं दिसलं. पुढची दहा वर्षं त्यालाच कर्करोगाचं कारण मानलं गेलं. ते रक्षक आहे हे १९८९ मध्ये कळलं. कुतूहलापोटी केलेल्या अशा संशोधनाला वेळ द्यावाच लागतो.

[पेशींची थाळी]

या थाळीतल्या हेला पेशींत ई६ आणि ई७ दोन्ही बंद केली आहेत. पी५३ परतलं, आरबीही मोकळं झालं. इतकी दशकं न थांबलेलं विभाजन थांबलं.

२०२२ मध्ये जगभरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने सुमारे साडेतीन लाख स्त्रिया दगावल्या. २००६ पासून उपलब्ध असलेली लस विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवते. आत शिरलेल्या विषाणूवर ती चालत नाही, म्हणून ती लहान वयातच द्यायची.