अणुबॉम्बचे कागद

[पडद्यावर टंकलिखित पान. माथ्यावर 'अतिगोपनीय' असा शिक्का.]

मे १९४५. जर्मनीने शरणागती पत्करली, त्याला जेमतेम दोन दिवस झालेत. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, लॉस अलामोसच्या पठारावर, अणुबॉम्ब घडवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या कार्यालयात एक बैठक भरली आहे. दहा आणि अकरा मे, असे दोन दिवस ती चालली. लष्करी अधिकारी होते, जॉन फॉन नॉयमन यांच्यासारखे गणिती होते. बैठकीचं इतिवृत्त टाइप झालं आणि कुलूपबंद झालं. आज तेच पान मोबाइलवर उघडतं, फुकट.

विषयपत्रिका वाचा. स्फोट जमिनीपासून किती उंचीवर करायचा. हवामान कसं असेल. बॉम्ब न टाकताच विमानाला परत फिरावं लागलं तर काय करायचं. आणि मग, शहरं.

पहिलं नाव क्योटो. दर्जा 'एए', म्हणजे सर्वांत वरचा. दहा लाख वस्ती. पुढे लिहिलंय, हे जपानचं बौद्धिक केंद्र आहे, त्यामुळे या अस्त्राचं महत्त्व तिथल्या लोकांना जास्त चांगलं कळेल. दुसरं नाव हिरोशिमा. तेही 'एए'. लष्कराचं मोठं कोठार, सैन्य जहाजांवर चढवण्याचं बंदर. शेजारी टेकड्या आहेत, त्यामुळे स्फोटाचा दाब एकवटून नुकसान वाढेल. नद्यांमुळे मात्र आगी पसरवायला शहर तितकंसं सोयीचं नाही.

धरणाची जागा मुक्रर करताना लिहावी, तशी ही भाषा आहे. हिरोशिमाबद्दल आपण शाळेत चार ओळी वाचल्या. आकडे पाठ केले. पण हे पान वाचताना पोटात जे होतं, ते त्या चार ओळींनी कधी झालं नव्हतं.

क्योटो पुढे यादीतून गेलं. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी हट्टाने ते नाव काढायला लावलं. त्याचेही कागद आहेत.

[पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी. डावीकडे हस्ताक्षर, उजवीकडे टंकलेखन.]

आता ही दोन पानं. दोन्हींवर तारीख एकच, २५ जुलै १९४५.

डावीकडचं पान राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या रोजनिशीतलं. ते तेव्हा जर्मनीत, पॉट्सडॅमच्या परिषदेला गेले होते. त्यांनी लिहिलंय की हे अस्त्र लष्करी ठिकाणांवर, सैनिकांवर आणि नौसैनिकांवरच वापरायचं, बायकामुलांवर नाही, असं मी स्टिमसन यांना सांगितलं आहे.

उजवीकडचं पान म्हणजे वॉशिंग्टनहून, पॅसिफिकमधल्या अमेरिकी बॉम्बर विमानदलाचे प्रमुख जनरल स्पाट्झ यांना गेलेला हुकूम. साधारण ३ ऑगस्टनंतर, हवामान साथ देईल तसा, पहिला 'खास बॉम्ब' पुढीलपैकी एका ठिकाणी टाकावा. हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी. नावं शहरांची आहेत. पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे तेही याच ठिकाणांवर टाकावेत.

हिरोशिमात १९४५ संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं गेली, असा त्या शहराचा अंदाज आहे. त्यात बायका होत्या, मुलं होती, शाळेतून घरं पाडण्याच्या कामाला लावलेली बारा-तेरा वर्षांची पोरं होती. ट्रुमन स्वतःची समजूत घालत होते, की हिरोशिमा म्हणजे निव्वळ लष्करी तळ असाच त्यांचा खरोखर समज होता? इतिहासकार आजही यावर भांडतात. पण ते भांडण कशावरून आहे, हे समजून घ्यायला आता कोणाच्या मध्यस्थीची गरज नाही. रोजनिशी ट्रुमन यांच्या नावाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहे. हुकूम आणि ते मे महिन्यातलं इतिवृत्त नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्हच्या पानांवर आहे.

नावात 'नॅशनल' असलं तरी ही सरकारी संस्था नव्हे. १९८५ साली काही पत्रकार आणि अभ्यासकांनी ती उभी केली. तिचं ठाणं वॉशिंग्टनमधल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात आहे. काम एकच. आपल्याकडे जसा माहितीचा अधिकार आहे, तशा अमेरिकेतल्या कायद्याखाली अर्ज करायचे, नकार आला तर अपील करायचं, पाठपुरावा सोडायचा नाही. एखादा कागद हाती यायला कितीतरी वर्षं जातात. आला की लगेच सगळ्यांसाठी खुला करायचा, सोबत तो कागद काय आहे हे समजावणारं टिपण जोडायचं. अण्वस्त्रांची कागदपत्रं 'न्यूक्लिअर व्हॉल्ट' या विभागात मिळतात. नवख्या माणसाने तिथली टिपणं आधी वाचावीत, असं मी आवर्जून सांगेन. थेट मूळ कागदात उडी मारली तर लष्करी आद्याक्षरांच्या जंगलात वाट चुकते.

[पडद्यावर आकड्यांचे रकाने, पानामागून पान.]

याच संस्थेने २०१५ साली एक यादी खुली केली. अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडने, म्हणजे अण्वस्त्रं वाहणाऱ्या बॉम्बर विमानांच्या दलाने, ती १९५६ साली केली होती. युद्ध पेटलं तर सोव्हिएत गटातल्या आणि चीनमधल्या कोणत्या ठिकाणांवर अणुबॉम्ब टाकायचे, याची ही शेकडो पानांची यादी. मॉस्कोत १७९ ठिकाणं. लेनिनग्राडमध्ये १४५. पूर्व बर्लिनमध्ये ९१. विमानतळ, कारखाने, रेल्वेची ठाणी. आणि मधूनच लक्ष्याच्या प्रकारापुढे एक शब्द येतो, 'लोकसंख्या'.

कोणी भाषणात असं बोललं असतं तर आपण अतिशयोक्ती म्हणून सोडून दिलं असतं. इथे तो छापील तक्त्यातला एक रकाना आहे.

कागदांवर काळ्या किंवा पांढऱ्या पट्ट्या दिसतील. अमेरिकेच्या १९४६च्या अणुऊर्जा कायद्याने अण्वस्त्रांविषयीची माहिती जन्मतःच गुप्त ठरवली. कोणी शिक्का मारायची वाट न बघता ती गुप्तच. म्हणून बॉम्बच्या घडणीचे तपशील आजही झाकलेले असतात, आणि ते तसेच राहावेत. पण पट्टीखाली दरवेळी तंत्रच असतं असं समजू नका. १९५४ साली ओपेनहायमर यांची निष्ठा तपासणारी चौकशी झाली आणि त्यांचा गोपनीय कामाचा परवाना काढून घेतला गेला. त्या चौकशीतल्या जबान्यांचे वगळलेले भाग अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१४ साली 'ओपननेट' या संकेतस्थळावर खुले केले. साठ वर्षं झाकलेल्या त्या मजकुरात ओपेनहायमर यांच्या बाजूचं बरंच काही निघालं. डिसेंबर २०२२मध्ये त्याच खात्याने १९५४चा तो निर्णय रद्द केला. ओपेनहायमर तोवर पंचावन्न वर्षांपूर्वी वारले होते.

त्याच ओपननेटवर मॅनहॅटन प्रकल्पाचा, म्हणजे पहिला अणुबॉम्ब बनवणाऱ्या गुप्त अमेरिकी प्रकल्पाचा, अधिकृत इतिहासही आहे, ३६ खंडांचा. आणि खात्याच्या मंत्री हेझल ओ'लिअरी यांनी डिसेंबर १९९३मध्ये, तोवर लपवलेल्या २०४ भूमिगत चाचण्या जाहीर केल्या होत्या, त्या काळातले कागदही.

[पडद्यावर चाचणीची मूकफिल्म. पांढरा गोळा फुगत जातो.]

ही फिल्म तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. बहुतेक वेळा संगीत चढवलेली, चुकीचं नाव आणि चुकीचं साल लावलेली. मूळ फिल्म अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर या अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या यूट्यूब वाहिनीवर बघा.

अमेरिकेने १९४५ ते १९६२ या काळात वातावरणात २१० चाचण्या केल्या. प्रत्येकीवर अनेक कोनांतून कॅमेरे रोखलेले असत. अशा सुमारे दहा हजार फिल्म्स देशभरातल्या कोठारांत पडून होत्या. ग्रेग स्प्रिग्ज या भौतिकशास्त्रज्ञाने त्या शोधायला घेतल्या. डबा उघडला की व्हिनेगरचा वास यायचा. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तो वास सुटतो. काही वर्षांत हे सगळं गेलं असतं. सुमारे साडेसहा हजार फिल्म्स सापडल्या, एकेक करून स्कॅन होऊ लागल्या, आणि मार्च २०१७मध्ये पहिला गठ्ठा जगासाठी खुला झाला.

त्यातून निघालेली गोष्ट मोठी आहे. पन्नाशीच्या दशकात माणसं एकेक चौकट पडद्यावर टाकून अग्निगोळ्याची कड हाताने मोजत. संगणकाने तीच मोजणी पुन्हा केली, तर काही ठिकाणी जुनी उत्तरं वीस-तीस टक्क्यांनी चुकलेली निघाली.

चित्र किती बोलतं, याचा दाखला त्याहून जुना आहे. १६ जुलै १९४५ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली, ट्रिनिटी. तिची छायाचित्रं अमेरिकेने १९४७ साली छापू दिली. चित्रावर वेळ छापलेली होती, खाली मीटरची मोजपट्टी होती. स्फोटाची ताकद मात्र गुप्त होती. इंग्लंडमध्ये जी. आय. टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने त्या चित्रांवरून गोळ्याची त्रिज्या आणि वेळ घेतली, गणित मांडलं, आणि सुमारे १७ किलोटन, म्हणजे सतरा हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी ताकद, हे उत्तर १९५० साली छापून टाकलं. खऱ्या आकड्याच्या ते चांगलंच जवळचं होतं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे गणित त्या छायाचित्रावरून स्वतः करून बघावं. बारावीचं गणित पुरतं.

[पडद्यावर मियुकी पूल. कृष्णधवल छायाचित्र.]

आतापर्यंत आपण बॉम्ब टाकणाऱ्यांच्या बाजूने पाहत होतो. त्यांच्याकडे हजारो फिल्म्स आहेत. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमात, जमिनीवरून काढलेली योशितो मात्सुशिगे यांची छायाचित्रं फक्त पाच आहेत.

मात्सुशिगे 'चुगोकू शिम्बुन' या स्थानिक वृत्तपत्रासाठी काम करत. स्फोटकेंद्रापासून साधारण सव्वादोन किलोमीटरवर मियुकी पूल आहे. सकाळी अकराच्या सुमारास ते तिथे पोचले. पुलाच्या तोंडाशी भाजलेली मुलं बसली होती, कातडी लोंबत होती. कॅमेरा हातात होता, पण बराच वेळ त्यांना कळ दाबता आली नाही. शेवटी दाबली. दुसऱ्या चित्राच्या वेळी डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं धूसर झालं होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. दिवसभर शहरात फिरून पाच चित्रं. अमेरिकी ताबा असताना अशा चित्रांवर सेन्सॉरची बंदी होती. जगाने ती १९५२ साली पाहिली, एका अमेरिकी साप्ताहिकात.

त्याच वृत्तपत्राचं हिरोशिमा पीस मीडिया सेंटर हे संकेतस्थळ इंग्रजीतही आहे. आणि हिदेनोरी वातानावे यांनी २०११ साली सुरू केलेलं 'हिरोशिमा आर्काइव्ह' तर जरूर उघडा. शहराचा नकाशा समोर येतो. त्यावर वाचलेल्या माणसांचे चेहरे आहेत, ज्याने त्याने त्या दिवशी जिथे बॉम्ब अनुभवला, त्या जागी. चेहऱ्यावर टिचकी मारली की साक्ष. यातल्या बऱ्याच मुलाखती हिरोशिमातल्याच शाळकरी मुलांनी घेतल्या आहेत.

माझा आग्रह एवढाच आहे. मे १९४५चं ते इतिवृत्त वाचलं की लगेच हा नकाशा उघडा. टेकड्यांमुळे दाब एकवटेल, हे वाक्य मग निराळं ऐकू येतं.

[पडद्यावर मुंबईची खाडी, तुर्भ्याच्या टेकड्या.]

आता आपल्या दाराशी. मुंबईत, तुर्भ्याला (ट्रॉम्बेला), कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली सायरस अणुभट्टी १९६० साली सुरू झाली. १८ मे १९७४ला पोखरणमध्ये जो स्फोट झाला, त्याचं प्लुटोनियम या भट्टीतलं. मुंबईकर ज्या टेकड्या रोज लोकलच्या खिडकीतून बघतात, त्यांच्यामागे हे घडलं.

पण त्याचा इतिहास शोधायला बसलं की पहिला ढीग हाती लागतो तो अमेरिकी कागदांचा. न्यूक्लिअर व्हॉल्टमध्ये १९७२ ते १९७४ या काळातले, भारताविषयीचे अहवाल आहेत. चाचणीनंतर अमेरिकी गुप्तचरांनी आपलं काय चुकलं याची चिकित्सा केली. तीही वाचायला मिळते. तिच्यानुसार, भारताच्या अणुकार्यक्रमाकडे बघायची कोणाला घाई नव्हती, आणि चाचणीआधीच्या वीस महिन्यांत त्यावरचं विश्लेषण उलट रोडावत गेलं होतं.

आपल्या बाजूचं काय? राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेच्या चर्चा १९५२पासून आहेत. ऑक्टोबर १९६४मध्ये चीनने पहिली चाचणी केली. आठच दिवसांनी, संयुक्त राष्ट्र दिनी, होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले आणि दहा किलोटनच्या स्फोटाला साडेसतरा लाख रुपये लागतील, असा अमेरिकी अंदाज त्यांनी सांगितला. त्यानंतर लोकसभेत जी खडाजंगी झाली, तीत लालबहादुर शास्त्रींची घालमेल शब्दाशब्दांत दिसते. अमेरिकेतल्या विल्सन सेंटरच्या डिजिटल संग्रहातही भारताच्या अणुइतिहासाचा वेगळा विभाग आहे.

मॅनहॅटन प्रकल्पातल्या माणसांच्या शेकडो मुलाखती 'व्हॉइसेस ऑफ द मॅनहॅटन प्रोजेक्ट' या संग्रहात ऐकता येतात. प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांच्या आवाजापासून, आपण कशासाठी खटके फिरवतोय हे ठाऊक नसलेल्या, ओक रिजच्या युरेनियम कारखान्यातल्या मुलींपर्यंत. तुर्भ्याच्या माणसांच्या अशा मुलाखती हव्यात. गुपितं नकोत. त्या वसाहतीतलं जगणं हवं, घरी काय सांगायचं आणि काय नाही याची ओढाताण हवी, १८ मेच्या सकाळी रेडिओवर बातमी ऐकताना काय वाटलं ते हवं. १९७४ला पंचविशीत असलेले तंत्रज्ञ, फिटर, वेल्डर, कारकून आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. अणुशक्तीनगरात, चेंबूरमध्ये, मानखुर्दला, किंवा निवृत्तीनंतर गावी गेलेलं असं कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्या परवानगीने त्यांना मराठीतच बोलतं करा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव आणि त्या दिवसाची तारीख त्यांच्याच तोंडून येऊ द्या.